तेवीस पूर्णांक चार

९ एप्रिल

आलं! खोकं आलं. आणायला दोन माणसं. एकाने उचललं, दुसऱ्याने नुसतं "सांभाळून, सांभाळून" म्हटलं. सरकारी काम!

आत जाड पत्र्याचं नळकांडं, त्यावर पितळी काठाचं नरसाळं, पोटात पाणी साठायला मोठी बाटली, आणि वेगळ्या डब्यात काचेचं मोजपात्र. बारीक रेघांचं. काच चांगली आहे. मला कळतं — शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचाच धुतल्या. पोरं पाठीमागे 'पिपेटबाई' म्हणायची. म्हणेनात! पिपेट कोणी फोडली ते मला बघणाऱ्याच्या आधी कळायचं.

यांनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढंच?" यांना बहुधा वाटलं होतं, गच्चीवर फिरती तबकडी बसणार.

निवृत्त होऊन सहा महिने झाले. भेटेल ती बाई विचारते, "आता वेळ कसा जातो हो?" जशी काही मी वेळ जावा म्हणूनच नोकरी करत होते! मग वर्तमानपत्रात वेधशाळेची जाहिरात आली. घरच्या घरी पाऊस मोजायला स्वयंसेवक हवेत. पगार नाही. रोज सकाळी आठला नोंद. एकही दिवस चुकता कामा नये. ही शेवटची अट वाचली आणि अर्ज केला. या गावात ती पाळणारं दुसरं आहे कोण?

१० एप्रिल

वेधशाळेचे साहेब यंत्र बसवायला आले. मला समजावतात — "बाई, पाणी काचेच्या कडेला थोडं वर चढतं बरं का. तर मधली, खालची पातळी वाचायची. डोळा पाण्याच्या रेषेत ठेवायचा." मला! मी दहा मिनिटं बोलू दिलं. तीन विज्ञान शिक्षकांना ही गोष्ट मी शिकवली. त्यातला एक आज मुख्याध्यापक आहे आणि अजून वरचीच पातळी वाचतो.

जागा मात्र साहेबांनी बरोबर निवडली. झाडापासून लांब, भिंतीपासून लांब, वर उघडं आकाश. परसात अशी एकच जागा. आणि नेमकी तिथेच जावेची कपड्यांची दोरी!

१२ एप्रिल

घर एकच, चुली दोन. खाली आम्ही, वर धाकटे दीर आणि जाऊ. परस दोघांचं. म्हणजे आजवर होतं.

जाऊ म्हणते, "ताई, पाऊस काय मोजायचा? पडतो तो पडतो." मी म्हटलं, "आणि तुझ्या ओल्या चादरी माझ्या नरसाळ्यात ठिबकल्या म्हणजे वेधशाळेत काय कळवू? आज चादरींचा पाऊस?" तिने नाक मुरडलं. यांना मध्ये घेतलं. हे म्हणाले, "दोघींचंही बरोबर आहे." टपाल कचेरीत खिडकीवर छत्तीस वर्षं बसले, ते या एका वाक्याच्या जोरावर.

शेवटी भावोजी आले, काही न बोलता दोरी सोडली आणि जिन्याच्या बाजूला बांधली. मग स्वतःच सिमेंट कालवून यंत्राखाली ओटा घातला. पाणसळ लावून तीन वेळा तपासला. नगरपालिकेत बांधकामावर देखरेख करतात, तेवढं येतं त्यांना. माणूस मऊ आहे. कंत्राटदार याच्यासमोर काय खेळ करत असतील ते देवच जाणे. पण ओटा सपाट आहे. मी पुन्हा तपासला.

१३ एप्रिल

०.०

१४ एप्रिल

०.० — हे विचारतात, "पाऊस नाही तर रोज बघतेस काय?" पाऊस नाही हे बघते! शून्य हासुद्धा आकडाच असतो. न्हाव्याच्या दुकानात यांनी गंमत सांगितली म्हणे — 'आमची ही रोज सकाळी रिकामी बाटली मोजते.' दुकानभर हसले. रिकाम्या डोक्यांना रिकाम्या बाटलीचं हसू येणारच.

३ मे

६.२! पहिली खरी नोंद. दोनदा वाचली.

पेपरवाला म्हणतो, "काल चार इंच पडला बघा." बसथांब्यावरची बाई म्हणते, असा पाऊस जन्मात पाहिला नाही. सहा मिलिमीटर! या गावात लोकांच्या तोंडाला माप म्हणून नाही. चप्पल भिजली की महापूर.

१९ मे

वेधशाळेत फोनवर जी बाई आकडे घेते तिच्याकडून कळलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक स्वयंसेवक आहेत. डॉक्टर. मुद्दाम बघून आले. यंत्र बरं ठेवलंय, गच्चीच्या मधोमध. पण वही! दर शनिवार-रविवार डॉक्टर बाहेरगावी, आणि सोमवारी तिन्ही दिवसांचं पाणी एकदम मोजतात. "एकूण तर तेवढंच होतं ना?" म्हणाले हसून. याच हिशेबाने रोग्यांना तीन दिवसांच्या गोळ्या एकदम देत असतील. माझ्या वहीत एक रकाना रिकामा नाही. एक!

११ जून

साहेबांनी सांगितलं होतं, घरात आणखी एका माणसाला शिकवून ठेवा. आजारपण असतं, अडचण असते. म्हणून आज यांना परसात नेलं.

मोजपात्र दिव्यासारखं डोक्यावर धरलं यांनी! खालून बघतात, मान वाकडी करून. "अकरा… नाही, साडेअकरा… पॉइंटनंतर किती घरं लिहायची गं?" मी म्हटलं, "अहो, छत्तीस वर्षं तिकिटं विकलीत की डोळे झाकून शिक्के मारलेत? शाळेतली ढ पोरंसुद्धा तुमच्यापेक्षा बरी वाचायची." जाऊ जिन्यात उभी होती. फिस्सकन हसली. यांचं तोंड एवढंसं झालं. मोजपात्र माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू असताना मी कशाला?" आणि आत गेले.

होऊ दे तोंड एवढंसं. काच कोणाची भीड धरत नाही, मी का धरू?

२ जुलै

२१.८

५ जुलै

२४.६. महिना बरा चाललाय. फोनवरची बाई म्हणाली, "ताई, तुमचा आकडा आला की आम्ही घड्याळ लावतो." ही बाई हुशार आहे. वेधशाळेत कशी टिकली कोण जाणे.

१८ जुलै

चार दिवस वही हातात नाही. चौदा तारखेला दुपारी ताप चढला तो एकशे तीनवर गेला. गोळ्या घेऊन पडले ती पडलेच. पंधरा आणि सोळा तारखेचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. तोंडाला कोणी पाणी लावलं, कपाळावर पट्टी बदलली, एवढंच. हेच असणार.

आज उठून आधी नोंदवही उघडली. मनात धास्ती — चारही रकाने कोरे असणार. आणि बघते तर काय! यांच्या गोल अक्षरात — १५ जुलै, वेळ ८.००, २३.४. खाली १६, १७ आणि आजचा आकडा. फोन करून कळवलेत सुद्धा! पॉइंटनंतर एकच घर. जसं हवं तसं.

बोलावून विचारलं, "तुम्ही वाचलंत?" मान हलवली. म्हटलं, "शाबास!" चौतीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून यांच्यासाठी निघाला नसेल. कानाच्या पाळ्या लाल झाल्या यांच्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग चहा करायला निघून गेले. या वयात लाजतात!

संध्याकाळ — आता बाकीचं कळलं. पंधरा तारखेला सकाळी सातला बागेच्या बाहेरची भिंत कोसळली. बसथांब्याच्या मागची, गेल्या वर्षीच बांधलेली, पुरुषभर उंचीची. खाली चांभार दुकान मांडत होता. मांडीचं हाड मोडलं, दवाखान्यात आहे. माझ्या चपलांचे अंगठे तोच शिवायचा. कामात चोख. गावात अशी माणसं दोन-चार, भिंत पडायची तर त्यांच्यावरच पडते.

भिंत भावोजींच्या देखरेखीखाली झालेली.

२१ जुलै

नगरपालिकेने पत्रक काढलं. 'पंधरा तारखेच्या पहाटे अंदाजे १२० मिलिमीटर असा अभूतपूर्व पाऊस झाल्याने भिंत कोसळली.' अंदाजे! नगरपालिकेच्या छतावरच्या पर्जन्यमापकात दोन वर्षं कबुतरं नांदताहेत. कबुतरांना विचारून अंदाज काढला असेल.

आणि गावाला तर काय, निमित्तच हवं. दूधवाला म्हणतो, आभाळ फाटलं होतं. पेपरवाला म्हणतो, समोरचा हात दिसत नव्हता. जाऊ म्हणते, "ताई, जिन्यातून ओढा वाहत होता, तुम्ही तापात होतात." तो जिना शिंकलं तरी गळतो! हीच माणसं सहा मिलिमीटरला चार इंच म्हणत होती. मी तापात होते, पण माझं यंत्र तापात नव्हतं.

तेवीस पूर्णांक चार. नेहमीचा पाऊस. नेहमीच्या पावसात जी भिंत पडते ती भिंतच वाईट.

२४ जुलै

चौकशी बसली. एक निवृत्त न्यायाधीश नेमलेत. ज्यांच्याकडे माहिती असेल त्यांनी द्यावी, असं पेपरात आलंय. मी पत्र लिहायला घेतलं.

हे मागे येऊन उभे. "राहू दे ना. तुझा आकडा पाठवायलाच हवा का?"

"का? भावाची काळजी?"

"तसं नाही…"

"मग कसं?"

शर्ट चढवला आणि न्हाव्याकडे गेले. अडचण आली की हा माणूस न्हाव्याकडे जातो. डोक्यावर केस उरले नाहीत तरी जातो.

२५ जुलै

भावोजी खाली आले. बसा म्हटलं तरी उभेच.

"वहिनी, त्या पहाटे मी जागा होतो. खिडकीतून बघत होतो. वीस-पंचवीस नव्हता तो."

"तुम्ही मोजलात?"

"नाही."

"मग?"

"पाणी बाहेर पडायला भिंतीत नळ्या ठेवल्या होत्या मी. हाताने घालून पाहिल्या एकेक. पण एवढं पाणी मागून रेटायला लागलं तर…"

"एवढं म्हणजे किती, तेच तर मी लिहून देतेय."

"बरं," म्हणाले आणि वर गेले. ना आवाज चढवला, ना गयावया केली. मला तर वाटतं, कंत्राटदारालाही असंच "बरं" म्हणाले असतील!

हे दाराआड उभे होते. सगळं ऐकलं.

पत्र टाकलं.

२७ जुलै

जाऊ — "घरातलं माणूस बुडवताय, ताई."

मी — "मी कोण बुडवणारी? तेवढा पाऊसच पडला नाही."

त्यानंतर बोलणं बंद. परसात आली तर तोंड फिरवून कपडे वाळत घालते. बरं झालं. कान सुखी.

४ ऑगस्ट

चांभाराला बघायला दवाखान्यात गेले. पाय वर टांगलाय. बायको उशाशी बसून दोरा ओवत होती — दवाखान्यातसुद्धा शिवण घेऊन बसली आहे. त्याला म्हटलं, "काळजी करू नकोस. भिंत कच्ची होती हे माझ्या आकड्याने शाबीत होतंय."

तो म्हणाला, "बाई, पाऊस पण खूप होता हो. ताडपत्री हातात ठरत नव्हती. मी अडोशाला म्हणूनच भिंतीशी सरकलो."

"खूप म्हणजे?"

"खूप म्हणजे… खूप."

घ्या! ज्याच्यासाठी मी घरात वैर घेतलं, तोही 'खूप'! गाव सगळं एका माळेचं. वाटेत फोन करून वेधशाळेच्या बाईला विचारलं, पंधरा तारखेला आसपास काय? म्हणाली, "तुमच्या जवळचं आमचं केंद्र चौदा कोसांवर, ताई. तिथे कोरडं होतं. पाऊस असा तुकड्या-तुकड्यानेच पडतो. डॉक्टरांचा आकडा आहे, पण तो जास्त आहे." किती? "शहाण्णव." मी हसले. कुठल्या तीन दिवसांचा?

१९ ऑगस्ट

आज सुनावणी. सगळं लिहून ठेवते, कारण उद्या पेपरात हे नीट येणार नाही.

नगरपालिकेचं जुनं सभागृह. पंखे चालू केले की कागद उडतात, बंद केले की माणसं उकडतात. दोन तास यावरच निर्णय होईना. मध्यभागी न्यायाधीश — म्हातारे, कोरडे, बोलणं मोजकं. मला आवडले. समोर नगरपालिकेचे वकील, घसा खाकरल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. मागच्या बाकावर भावोजी, इस्त्रीच्या शर्टात. जाऊ शेजारी. हे माझ्या बाजूला बसले. भावाकडे एकदाही पाहिलं नाही, रुमालाने सारखा गळा पुसत होते.

आधी गावकरी. तीसेक जण आले असतील. आभाळ फाटलं, नदी रस्त्यावर आली, असं-तसं. न्यायाधीशांनी प्रत्येकाला एकच विचारलं, "मोजलात?" अगदी माझाच प्रश्न!

मग डॉक्टर. शहाण्णव. न्यायाधीशांनी वही चाळली. "डॉक्टर, जुलैत अकरा दिवस नोंद नाही." डॉक्टर म्हणाले, "पण त्या दिवशी मी होतो. मी स्वतः वाचलंय." न्यायाधीश म्हणाले, "असाल. वही तसं म्हणायला मदत करत नाही." डॉक्टर वही उचलून बसले.

मग माझी वही. पानं उलटत गेले ते. एप्रिलपासून एकही रकाना रिकामा नाही, खाडाखोड नाही. "ही वही कोणी ठेवली?" मी म्हटलं, "मी." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मान लववली. एकतीस वर्षांत एकाही मुख्याध्यापकाने माझ्या वह्यांना अशी मान दिली नाही!

वकील उठले. घसा खाकरला. "पंधरा जुलैला आपण आजारी होतात, बरोबर?"

"हो."

"मग हे अक्षर कोणाचं?"

"माझ्या यजमानांचं."

"त्यांना हे काम येतं?"

सभागृहात कोणीतरी हसलं. न्हावीच असणार, आला होता. माझ्या मस्तकात तिडीक गेली. माझ्या वहीवर बोट! म्हटलं, "येतं का म्हणजे? मी शिकवलंय त्यांना. वेळ, दशांश, सगळं जिथल्या तिथे आहे. त्यांनी वाचलेल्या आकड्याखाली मी माझी सही करायला तयार आहे." न्यायाधीशांनी पेन पुढे केलं. मी सही केली. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर.

मग यांना उभं केलं. "आपण हा आकडा वाचलात?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — बोला ना!

"हो."

"मोठ्याने."

"हो. तेवीस पूर्णांक चार."

बाहेर पडताना यांनी दुसऱ्याच कोणाच्या चपला पायात घातल्या. आयुष्यात शिक्क्याच्या पलीकडे काही उचललं नाही, तर असंच होणार. तरी म्हटलं, "बरं बोललात." गावासमोर यांचं नाव घेऊन मान ताठ करायची वेळ माझ्यावर यापूर्वी आली नव्हती. हे रस्त्याच्या कडेला थांबले. "अगं, मला जरा…" म्हणाले. तेवढ्यात पेपरवाला आला, हात मिळवायला. मग राहिलं.

२० ऑगस्ट

पेपरात माझं वय चुकलंय. पाऊस 'तेवीस सेंटिमीटर' छापलाय! फोन करून झाडलं.

२८ ऑगस्ट

निकाल लागला. 'सदर दिवशीचा पाऊस सर्वसाधारण होता. भिंतीचं काम सदोष.' कंत्राटदाराचं नाव काळ्या यादीत, भावोजी निलंबित.

वेधशाळेकडून मला अभिनंदनाचं पत्र. तीन ओळींत दोन चुका.

यांनी जेवणाचं ताट तसंच सारलं. न्हाव्याकडेही जाईनात आताशा. दिवसभर परसात त्या ओट्याकडे बघत बसतात. मी म्हटलं, "भाऊ आहे, वाईट वाटणारच. पण खरं ते खरं." तर उठून आत गेले. हल्ली मी बोलले की हे आत जातात.

१ सप्टेंबर

१.४. जिना अगदी शांत.

४ सप्टेंबर

जाऊ आणि भावोजी घर सोडताहेत. पलीकडच्या वस्तीत दोन खोल्या बघितल्यात. म्हणे, इथे लोकांच्या नजरा नकोत. नजरा! गाव आठ दिवसांत विसरतं. या गावाला कालचा पाऊस आठवत नाही, ते कालची भिंत काय आठवणार?

तरी उगाच लिहून ठेवते — काल भावोजी परसात आले आणि यंत्राचा ओटा पाणसळ लावून पुन्हा तपासला. "पावसाने जमीन बसली असती तर," म्हणाले. सपाट होता. मी "थँक्यू" म्हटलं. मला तो शब्द नीट म्हणता येत नाही.

५ सप्टेंबर

सामान गेलं. एक कपाट, दोन पलंग, जावेची ती दोरी. हे कपाटाला हात लावायला धावले तर भावोजी म्हणाले, "दादा, तू नको. कंबर धरेल तुझी." एवढंच. मग टेम्पो निघाला.

हे न्हाणीघरात गेले आणि नळ पूर्ण सोडून रडले. अर्धा तास! मला ऐकू येऊ नये म्हणून नळ! बादली भरून वाहिली, ओटी ओली झाली. रडायचं तर रडावं माणसाने, पाणी कशाला फुकट घालवायचं? दार वाजवलं. "आलो," म्हणाले. आवाज न ओळखण्यासारखा.

६ सप्टेंबर

०.०. जेवले नाहीत.

७ सप्टेंबर

आठ वाजता वाचत होते. ४.२. हे मागे येऊन उभे राहिले आणि एका दमात बोलले. पंधरा तारखेला बाटली यांच्या हातून सुटली. मोजायच्या आधीच. सगळं पाणी मातीत. मागच्या पानावर एकवीस, चोवीस असे आकडे होते, म्हणून त्यांच्या मधला एक लिहिला.

"किती होतं?"

"ठाऊक नाही गं. जड होती. दोन्ही हातांनी उचलली, तरी सुटली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुझ्या तोंडाला भ्यायलो. तू उठलीस की सांगणार होतो. उठलीस, आणि शाबास म्हणालीस."

पंधरा जुलैच्या आकड्यावर रेघ मारली. पुढे लिहिलं, 'मोजला नाही.' खाली माझी सही. वही पिशवीत घातली आहे. नगरपालिकेची कचेरी साडेदहाला उघडते, पण आधी भावोजींकडे जायचं. हे चपला घालून दारात उभे आहेत. यांना अजून एक शब्दही बोलले नाही — काय बोलायचं ते मला येत नाही.